रसायनाचा अभ्यासक्रम : लेखांक सातवा
क्षार म्हणजे नेमके काय?

मागील लेखांकात आवर्तसारणी आधी शिकवावी की पदार्थ आधी, या जुन्या वादाचा परामर्श घेतला. आज त्याहूनही प्राथमिक, आणि म्हणूनच की काय अभ्यासक्रम आखणाऱ्या समित्यांच्या नजरेतून नेहमी निसटणाऱ्या, अशा एका प्रश्नाकडे वळावयाचे आहे. तो प्रश्न शब्दांचा आहे, आणि तो नीट पाहावयाचा तर निपाणी तालुक्यातील बोरगावाइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून येथील सरकारी दप्तर कानडीत, बाजार मराठीत आणि शाळा दोन्ही भाषांत अशी वहिवाट पडली आहे. आता कल्पना करा की एकाच घरातील थोरला मराठी शाळेत दहावीला आहे आणि धाकटी कानडी शाळेत त्याच इयत्तेच्या वाटेवर आहे. राज्य एक, मंडळ एक, धड्याचा आराखडाही एक. परंतु थोरल्याच्या तोंडी आम्ल, आम्लारी आणि क्षार, तर धाकटीच्या तोंडी आम्ल, प्रत्याम्ल आणि लवण. येथवर फारसे बिघडत नाही. बिघडते ते पुढे, कारण धाकटीच्या धड्यातही ‘क्षार’ हा शब्द येतो आणि तेथे त्याचा अर्थ पाण्यात विरघळणारा प्रत्याम्ल, म्हणजे ज्याला आपण अल्कली म्हणतो तो, असा असतो. मिठाला एकाने क्षार म्हणावे आणि चुन्याच्या निवळीला दुसरीने, आणि दोघांनीही आपापल्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवावेत, असा हा चमत्कारिक मामला आहे. तिसरा फेरा पदवीपूर्व वर्गात सुरू होतो. शास्त्रशाखेचे शिक्षण तेथे इंग्रजीत होत असल्यामुळे दोघांनाही आपले क्षार मागे ठेवून सॉल्ट आणि अल्कली यांच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

शब्दांची ही ओढाताण केवळ गैरसोयीची आहे असे मानण्याचे कारण नाही, किंबहुना शिक्षक जाणता असेल तर ती पर्वणीच ठरावी. कानडीत ऑक्सिजनला ‘आम्लजनक’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए याने या वायूला जे नाव दिले त्याचा अर्थ हाच, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असलाच पाहिजे अशी त्याची धारणा होती. पुढे १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे हम्फ्री डेव्ही याने प्रतिपादिले, मिठाच्या आम्लात ऑक्सिजनचा लवलेश नाही हे त्यावरून स्पष्ट झाले आणि ती धारणा कोसळली. नाव मात्र राहिले. आपल्या ‘प्राणवायू’त ही चूक नाही, पण हा इतिहासही नाही. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून या दोन नावांतील खरे कोणते, असा प्रश्न वर्गाला टाकला, तर सिद्धांत कसा उभा राहतो आणि कसा पडतो हे अर्ध्या तासात उमजते. सीमेवरच्या वर्गाला जे आपसूक उपलब्ध आहे, ते पुण्याच्या वर्गाला मुद्दाम आणावे लागेल.

मराठीत ही परिभाषा आकाशातून पडलेली नाही. येथून जवळच कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात शास्त्र शिकविणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत रसायनशास्त्रावर पुस्तके लिहिली, आणि त्या काळी अशी पुस्तके लिहिणे म्हणजे विषयाबरोबर शब्दही जुळवीत जाणे होते. आजचा पाठ्यक्रम हे शब्द आयते देतो, आणि आयत्या शब्दाला चव नसते.

चव कोठे आहे हे पाहावयाचे असेल तर दिवाळीनंतर या भागातील एखाद्या गुऱ्हाळावर जावे. चुलवाणात चिपाडे धडधडत असतात, काहिलीत रस तापू लागतो, आणि गुळव्या हातातील भांड्यातून चुन्याची निवळी अंदाजाने सोडतो. ताज्या रसात निळा लिटमस बुडविला तर तो तांबूस होतो; रस आम्लधर्मी आहे, आणि तसाच आटवीत राहिले तर त्या आम्लतेने व उष्णतेने साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, मग गूळ घट्ट बसत नाही, ढेपेला पाणी सुटते. चुना ही आम्लता मारतो. जास्त झाला की गूळ काळवंडतो. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेला कागद खिशात असेल तर या रसाचा थेंब त्यावर टाकून पाहावा. तो पिवळाच राहील, कारण हळदीला आम्ल कळत नाही. चुना हाताबाहेर गेला तरच ती लाल होईल. कुंकवाचा लाल रंग हळद आणि चुना यांच्याच संयोगाचा हे ज्या घरात ठाऊक आहे, तेथील मुलाला दर्शक म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. पुढे भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढली जाते, आणि पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का हे बोटांनी पाहिले जाते. त्या वेळी काहिलीतील पाकाचे तपमान साधारण ११८ अंश सेल्सियस असते, आणि गुळव्याला त्यासाठी तपमापक लागत नाही.

जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेला सर्पिल अभ्यासक्रमाचा विचार, म्हणजे तोच विषय दर वळणावर अधिक खोल करीत परत आणणे, येथे किती सहज बसतो पाहा. आठवीत नुसते रंग पाहावेत. दहावीत उदासिनीकरण शिकावे. पदवीपूर्व वर्गात पीएच आणि समतोल घ्यावा. आणि पदवीच्या वर्गात साखरेच्या या विघटनाचा वेग मोजावा. हा शेवटचा प्रयोग काही खेडवळ सोय नव्हे. १८५० मध्ये विल्हेल्मी याने ध्रुवणमापकाने साखरेच्या याच विघटनाचा वेग मोजला आणि रासायनिक गतिशास्त्राचा पाया तेथे घातला गेला. आमच्या महाविद्यालयांत मात्र शिरस्त्याने मिथिल ॲसिटेट घेतात. ते सोपे व स्वस्त आहे, हे कबूल. परंतु ज्याच्या बापाचे गुऱ्हाळ आहे त्याला त्या मिथिल ॲसिटेटचा आणि घरच्या काहिलीचा संबंध कोणी सांगितलेला नसतो. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून घातल्या जाणाऱ्या ‘हायड्रॉस’चे, आणि साठवणीत तो रंग पुन्हा का उतरतो याचे विवेचन तर क्षपण आणि ऑक्सिडीकरण यांच्या धड्यात यावयासच हवे.

अडचण परीक्षेची आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमाने भोवतालच्या वस्तूंतून विज्ञान शिकवून पाहिले आणि परीक्षेतही पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा दिली. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, शासनाने तो बंद केला. कर्नाटकातील विद्यापीठांना २०२१ मध्ये चार वर्षांच्या पदवीचे मसुदे करावे लागले आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांचे. एवढ्या उलथापालथीत पत्रिकांची नावे आणि श्रेयांकांची बेरीजच तेवढी पुनःपुन्हा तपासली जाते. बोरगावच्या थोरल्याचा आणि धाकटीचा क्षार एकच आहे की नाही, हे विचारण्यास कोणत्याही मसुद्यात रकाना नाही.

पुढील लेखांकात प्रात्यक्षिकाची वही, आणि ती प्रयोगाआधीच भरलेली का असते, याविषयी.