मागच्या शॉकअपची स्प्रिंग: गंज, ताण आणि रंग

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला लागून असल्यामुळे तेथे बांधकामे अखंड चालू असतात, आणि डंपरांनी उखडलेले रस्ते, खडी व पावसाळ्यातील चिकट चिखल यांचा मारा सर्वांत आधी दुचाकीच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरवर, म्हणजे बोलीभाषेतील ‘शॉकअप’वर, होतो. बजाजची पल्सर २००१ मध्ये बाजारात आली आणि तिची निर्मिती याच औद्योगिक पट्ट्यातील चाकणला होत आली. तिच्यासारख्या, मागे दोन शॉकअप असलेल्या गाड्या या परिसरात घरोघरी आहेत. वापरून जुनी झालेली स्प्रिंग घरच्या घरी बदलणे आणि तिला रंग देणे हे काम बहुतेकांना सजावटीचे वाटते. परंतु स्प्रिंगचे बळ ज्या थरात असते त्याच्याशी या रंगाचा थेट संबंध असल्यामुळे ते यंत्रशास्त्राच्या अंगाने समजून घेण्याजोगे आहे.

शॉकअपमध्ये दोन घटक एकत्र बसवलेले असतात. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते व परत देते, तर तिच्या आतील डँपर, म्हणजे तेलाने भरलेली नळी व दट्ट्या, ती ऊर्जा तेलाच्या घर्षणातून उष्णतेत रूपांतरित करून संपवतो. त्यामुळे दट्ट्याच्या दांड्यावर तेलाचे ओघळ दिसत असतील, किंवा मागची सीट दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिर होण्याऐवजी दोन-तीनदा हलत असेल, तर दोष डँपरचा असतो आणि नवी स्प्रिंग घालून तो जात नाही. याउलट, स्प्रिंग ‘बसली’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा तिचा कडकपणा कमी झालेला नसतो. पोलादाचा लवचीकतेचा गुणांक वापराने बदलत नाही, मात्र वर्षानुवर्षांच्या भाराने तारेला कायमचा पीळ पडून तिची मोकळी लांबी घटते, गाडी मागे खाली बसते आणि खड्ड्यात तळ गाठते. म्हणून स्प्रिंग काढल्यावर तिची मोकळी लांबी मोजून ती गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील किमान मर्यादेशी ताडून पाहावी, आणि बदलायची झाल्यास दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात.

स्प्रिंग दाबली जाते असे डोळ्यांना दिसते. प्रत्यक्षात तिची तार, ओला पंचा पिळावा तशी, पिळली जात असते. या पिळाचा ताण तारेच्या गाभ्यात जवळजवळ शून्य असतो आणि पृष्ठभागाकडे वाढत जाऊन तेथे कमाल होतो, त्यातही वेढ्याच्या आतील बाजूस सर्वाधिक. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्यामुळे ८ मिलिमीटर जाडीची तार गंजाने सर्व बाजूंनी केवळ ०.२ मिलिमीटर झिजली, तरी तिचा कडकपणा सुमारे १९ टक्क्यांनी घटतो आणि तेवढ्याच भाराखाली पृष्ठभागावरील ताण सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. सर्वत्र सारख्या झिजेपेक्षाही घातक असतो तो गंजाचा एखादा खोल खळगा, कारण त्याच्या तळाशी ताण एकवटतो, तेथे केसासारखी चीर पडते आणि खड्ड्यागणिक ती पुढे सरकून एके दिवशी स्प्रिंग तुटते. धातूच्या या प्रकारच्या थकव्याला अभियांत्रिकीत श्रांती म्हणतात. ते टाळण्यासाठी कारखान्यात तयार स्प्रिंगवर बारीक पोलादी गोळ्यांचा वेगाने मारा करतात, ज्याला शॉट पीनिंग म्हणतात. त्यामुळे पृष्ठभागाचा काही दशांश मिलिमीटरचा थर दाबाखाली राहतो व चीर उघडण्यास विरोध करतो. रंग हा या थराचा राखणदार होय.

काम सुरू करताना गाडी डबल स्टँडवर घ्यावी आणि एका वेळी एकच शॉकअप उतरवावे, म्हणजे दुसरे शॉकअप चाकाचा काटा जागेवर धरून ठेवते. उतरवण्यापूर्वी स्प्रिंगच्या तळाशी असलेली पायऱ्यापायऱ्यांची कडी, जिने स्प्रिंगला बसवतानाच थोडे दाबून ठेवलेले असते, ती हुकाच्या पान्याने सर्वांत सैल पायरीवर आणावी. तरीही स्प्रिंग पूर्ण मोकळी होत नाही, आणि या कामातील खरा धोका येथेच आहे: एक मिलिमीटर दाबण्यास सुमारे २ किलो भार लागणारी स्प्रिंग २५ मिलिमीटर दाबलेल्या अवस्थेत असेल, तर ती सुमारे ५० किलोच्या जोराने सुटण्याची वाट पाहत असते. दोघांनी हाताने दाबून तिसऱ्याने लॉकनट सोडवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते आणि ती सर्वस्वी त्याज्य आहे. दोन आकड्यांचा स्प्रिंग कंप्रेसर समोरासमोरच्या वेढ्यांना अडकवून दोन्ही आटे आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, डोळ्यांवर गॉगल असावा आणि स्प्रिंगच्या टोकासमोर कोणीही उभे राहू नये. भार निघाल्यावर काही शॉकअपमध्ये दांड्याच्या टोकाचे दोन अर्धगोल अडकण सहज निघतात. काहींत लॉकनट धरून वरची कडी फिरवून सोडवावी लागते. डँपरसोबत गॅसची नळी असेल तर तिच्यात दाबाखाली नायट्रोजन असतो, म्हणून तिला छिद्र पाडणे किंवा उष्णता देणे सर्वथा वर्ज्य समजावे.

रंगवायची स्प्रिंग जुनी असो वा नवी, तिची सफाई करताना किती घासायचे हा निर्णय रंगाच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा आहे. रॉकेल व साबणाने चिखल आणि तेल काढल्यावर सुटा गंज तारेच्या ब्रशने उडवावा, आणि नंतर पॉलिश पेपर तारेच्या लांबीच्या दिशेने, जुन्या रंगाची चमक मोडण्यापुरताच फिरवावा. ग्राइंडर लावून धातू लखलखीत करणे म्हणजे शॉट पीनिंगचा उपयुक्त थर स्वतःच्या हाताने खरवडून काढणे होय. शिवाय ग्राइंडरचे आडवे ओरखडे हे चिरांचे आयते उगमस्थान ठरतात. नखाला लागेल एवढा खळगा आढळल्यास ती स्प्रिंग रंगवूच नये, भंगारात द्यावी.

भोसरी व चाकणच्या औद्योगिक वसाहतींमध्ये पावडर कोटिंगची कामे होत असल्यामुळे अनेकजण स्प्रिंग तेथे देतात. पावडर भाजण्याचे साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान स्प्रिंगच्या पोलादाला सोसते, कारण त्याचे टेंपरिंग त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला झालेले असते. अडचण त्याआधीच्या टप्प्यात आहे. प्रचलित सात टाक्यांच्या पद्धतीत गंज काढण्याची एक टाकी आम्लाची असते, आणि आम्लाच्या धातूवरील क्रियेतून सुटणारा हायड्रोजन उच्च ताणक्षमतेच्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. अशी स्प्रिंग दिसायला निर्दोष असते, पण भाराखाली अकस्मात तुटू शकते. म्हणून ती आम्लात न बुडवता ब्लास्टिंगने स्वच्छ करावी, असे कोटिंगवाल्याला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. घरात गंज घालवण्यासाठी शौचालय साफ करण्याचे ॲसिड वापरण्याचा मोहही याच कारणाने टाळावा.

घरी रंगवताना स्प्रिंग तारेवर टांगून प्रथम गंजरोधक प्रायमरचा आणि नंतर रंगाचा पातळ हात, मधल्या वाळण्याला पुरेसा वेळ देऊन, दोन-तीनदा मारावा. जाड थर वेढे दबताना तडकतो आणि त्याच्या फटीत पाणी साचून आत गंज वाढतो. फवारा बाहेरून छान बसतो, मात्र वेढ्याची आतली बाजू, जेथे ताण सर्वाधिक असतो, नेमकी कोरडी राहते. तेथे फवारा वेढ्यांच्या फटीतून तिरपा धरावा लागतो. मारुंजीच्या पावसाळी हवेत लॅकर प्रकारचा रंग वाळताना त्यावर बाष्प साकळून पांढुरकी साय येते, तेव्हा हे काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवावे. डँपरचा क्रोमचा दांडा रंगापासून कटाक्षाने जपावा, कारण त्यावर वाळलेला एक थेंबही तेलाचे सील फाडू शकतो.

जुळणी उलट क्रमाने होते. वेढे एका टोकाला दाट व दुसऱ्याला विरळ असतील तर कोणते टोक वर, हे मॅन्युअलप्रमाणे ठेवावे, आणि रबरी बुशचे नट अखेरचे आवळताना गाडी स्टँडवरून उतरवून चाकांवर उभी असावी, म्हणजे रबर पिळलेल्या अवस्थेत अडकत नाही. काही शे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत आणि खालच्या टोकाचा वेढा बैठकीवर घासून उघडा पडला आहे का ते पाहावे. चाकाने उडवलेला चिखल तेथेच साचत असल्यामुळे तेवढ्या जागी दरवर्षी मृगाच्या आधी ब्रशने प्रायमर व रंगाचा हात द्यावा लागतो.