हेपटायटिस सी: व्हायरल लोड जास्त म्हणजे लिव्हर जास्त खराब, असं असतं का?

कोन गावातून रक्त तपासायला लोक एकतर भिवंडीत जातात, नाहीतर दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याणला. रिपोर्ट मात्र आता थेट मोबाइलवर येतो, डॉक्टरांनी बघायच्या आधीच. समजा, त्यावर लिहिलंय: 'एचसीव्ही आरएनए: ५२,००,००० आययू/मिली'. बावन्न लाखांचा आकडा बघून घरच्यांच्या पोटात गोळा येणारच. दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवर ६० हजार असतात. 'आपलं कमीच आहे, बघू दिवाळीनंतर,' म्हणून तो निवांत राहतो.

प्रत्यक्षात या दुसऱ्या माणसाचं लिव्हर जास्त खराब असू शकतं. ते कसं?

व्हायरल लोड म्हणजे नेमकं काय?

रक्तात हेपटायटिस सीचा विषाणू किती आहे, याचं हे मोजमाप. ते पीसीआर तपासणीतून मिळतं. साधारण ८ लाखांच्या वर गेला तर 'जास्त' म्हणतात. हा आकडा आपोआप वर-खाली होतो. आज ५ लाख आणि पुढच्या महिन्यात १० लाख आला, तर आजार दुप्पट झाला असं नाही.

मग लिव्हर खराब कशामुळे होतं?

हेपटायटिस सीमध्ये बहुतेक नुकसान विषाणू थेट करत नाही. विषाणू घुसलेल्या पेशींवर आपलीच रोगप्रतिकारशक्ती हल्ला करते. त्यातून सूज येते आणि वर्षानुवर्षं सूज राहिली की लिव्हरमध्ये व्रण साठत जातात. याला फायब्रोसिस म्हणतात. त्याचे एफ० ते एफ४ असे टप्पे आहेत आणि एफ४ म्हणजे सिरॉसिस.

त्यामुळे संसर्ग किती वर्षांपासून आहे, दारू पिता का, मधुमेह किंवा लठ्ठपणा आहे का, सोबत हेपटायटिस बी किंवा एचआयव्ही आहे का, या गोष्टी व्हायरल लोडपेक्षा जास्त महत्त्वाच्या ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, दीर्घकालीन संसर्ग असलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांत सिरॉसिसचा धोका असतो. सिरॉसिस फार पुढे गेल्यावर काही रुग्णांचा व्हायरल लोड उलट कमी दिसतो.

हा गैरसमज आला कुठून?

एक कारण म्हणजे हेपटायटिस बी. त्या आजारात विषाणूचं प्रमाण जास्त असेल, तर पुढे सिरॉसिस आणि कॅन्सरचा धोका वाढतो. नावं सारखी असल्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला लावला जातो.

गुपचूप नुकसान करण्यात मात्र दोन्ही सारखेच. १९८२ मध्ये 'कुली'च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून आपल्याला हेपटायटिस बी झाला आणि अनेक वर्षांनी कळलं तेव्हा ७५ टक्के लिव्हर निकामी झालं होतं, असं अमिताभ बच्चन यांनीच जाहीरपणे सांगितलं आहे.

लिव्हरची स्थिती कशावरून कळते?

फायब्रोस्कॅन हा एक मार्ग. त्यात लिव्हर किती कडक झालंय ते सुई न टोचता मोजतात. पण साध्या रक्ततपासणीवरूनही अंदाज येतो. 'फिब-४' या हिशोबाला वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स एवढंच लागतं.

वरचेच दोन काल्पनिक रुग्ण घेऊ:

• पहिला: वय ३०, व्हायरल लोड ५२ लाख, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स अडीच लाख. फिब-४ येतो ०.६.

• दुसरा: वय ५०, व्हायरल लोड ६० हजार, एसजीओटी ८०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स एक लाख. फिब-४ येतो ५.

हा आकडा ३.२५ च्या वर गेला, तर व्रण खूप वाढल्याची शंका घेतात. म्हणजे तातडीची गरज ६० हजारवाल्याला आहे. निदान अर्थात डॉक्टरच करतील.

मग व्हायरल लोड तपासायचाच कशाला?

अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर एवढंच कळतं की विषाणू कधीतरी शरीरात आला होता. काही जणांत तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. आत्ता संसर्ग आहे की नाही, हे व्हायरल लोडवरून ठरतं. उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा करतात. तेव्हा विषाणू सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला असं मानतात.

उपचार आहेत का?

आहेत, आणि ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. सिरॉसिस नसेल तर साधारण १२ आठवडे रोज गोळ्या घ्यायच्या. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जवळचं केंद्र कुठे आहे, याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.

हे लक्षात ठेवा

• आकडा लहान असो वा मोठा, विषाणू सापडला तर उपचार घ्यायचे.

• डॉक्टरांना विचारा: 'माझं लिव्हर कोणत्या टप्प्यावर आहे?'

• सिरॉसिस झालेला असेल, तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही.

• बरे झाल्यावरही अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्हच येत राहते. घाबरू नका. मात्र पुन्हा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे वापरलेली सुई किंवा दुसऱ्याचं ब्लेड वापरू नका.