छर्रा बसला की जॅक बसत नाही

गॅरेजमध्ये कुणी ‘जॅक बसतो’ म्हणालं की समजायचं, जॅक गेला. तो वर जातो, गाडीही उचलतो, आणि तुम्ही चाकाचे नट सोडवेपर्यंत गुपचूप खाली येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी असाच एक ट्रॉली जॅक घेतला. दोन टनी, बिडाच्या चाकांचा, रिक्षात ठेवताना पाठीत कळ आली इतका जड. विकणारा प्रामाणिक होता. “चालतो का?” विचारलं तर म्हणाला, “चालतो. थांबत नाही.”

असला जॅक लगेच खोलू नये. आधी थोडं वजन देऊन नुसतं बघत बसावं. बाहेर तेल पाझरलं तर सील गेलं. बाहेर सगळं कोरडं आणि तरी बसतो, म्हणजे तेल आतल्या आत टाकीत परततंय. वजनाखाली दांडा आपोआप वर येऊ लागला तर पंप आणि सिलिंडर यांच्या मधला, झडपेचं काम करणारा छर्रा गळतोय. दांडा पहिले चार-पाच हेलकावे पोकळ गेला तर तेल कमी, नाहीतर हवा शिरलेली. माझ्या जॅकला यातलं जवळपास सगळंच होतं.

उचलणारा हात मागे खेचणाऱ्या दोन स्प्रिंगा आधी काढाव्या लागतात. त्या ताणलेल्या असतात, तेव्हा तोंड बाजूला ठेवून काढाव्यात. टाकीचा नट मात्र हलेना. पान्याला तीन फुटी पाइप लावला, रात्रभर रॉकेल मुरवलं, तेव्हा सकाळी तो एकदा करकरला आणि सुटला. आतून निघालं ते काळपट, चिकट पाणी. त्याला तेल म्हणवेना. आधीच्या मालकानं ब्रेक ऑइल ओतलेलं असावं. हा घोळ नेहमीचा आहे. ब्रेक ऑइल बहुधा ग्लायकोलचं असतं आणि जॅकमधलं नायट्राइल रबर ते सोसत नाही. सीलं फुगतात, मऊ पडतात, नखानं दाबली तर खूण राहते.

म्हणूनच जुनं सील घेऊन दुकानात जाण्यात अर्थ नव्हता. फुगलेल्या सीलचं माप ते कसलं माप! व्हर्निअर लावायचा तो सील बसतं त्या खाचेला आणि रॅमच्या, म्हणजे तेल पुढे ढकलतं त्या, दांड्याला. मापं कागदावर लिहून मी नाना पेठेत गेलो. काउंटरवरच्या माणसानं कागद पाहिला आणि डबे न उघडताच वरच्या फळीकडे बोट दाखवलं. पाकिटात चार ओ-रिंगा आणि एक द्रोणासारखं सील मिळालं.

त्या द्रोणात गंमत आहे. जोसेफ ब्रामानं 1795 साली इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हा खरी अडचण जोराची नव्हती, गळतीची होती. घट्ट आवळावं तर दांडा अडकतो, सैल ठेवावं तर आतला द्रव निघून जातो. द्रोणाच्या आकाराचं कातडी सील त्यावर तोडगा ठरलं, आणि त्याचं श्रेय बहुतेक जण ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला देतात. तेलाचा दाबच द्रोणाची कड बाहेर फाकवतो आणि भिंतीला चिकटवतो. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. अट एकच, द्रोणाचं तोंड तेलाकडे हवं. हे मला ठाऊक होतं. तरी पहिल्या जोडणीत मी ते उलटं बसवलं आणि फरशीभर तेल केलं.

आता छर्रे. माझ्या जॅकच्या पंपाचा दट्ट्या 12 मिलिमीटरचा, रॅम 36चा. व्यास तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे जोरही नऊपट. त्याची किंमत अंतरात मोजायची: दट्ट्या 18 मिलिमीटर दाबला की रॅम जेमतेम 2 मिलिमीटर सरकतो. ते 2 मिलिमीटर मागे जाऊ न देण्याचं काम पाव इंची छर्ऱ्याचं. तो भोकाच्या कडेवर टेकतो ती रेघ केसाएवढी. तिच्यावर गंजाचा एक ठिपका असला की दोन टनाची बढाई संपली. बॅटरी मारून पाहिलं तर कडेवर एक काळा डाग होता.

गल्लीतले मिस्त्री म्हणाले, “सर, कानस नका लावू हां. नवा छर्रा ठेवा, वर पितळी सळई, आणि हातोडीनं एकच. एकच! तो छर्रा मग फेकून द्या, दुसरा टाका.” छर्रे सायकलच्या दुकानात मिळाले, मूठभर. एकच टोला द्यायला मला दहा मिनिटं धीर होईना. टोला दिल्यावर कडेवर अखंड, चकचकीत कडं उमटलेलं दिसलं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या स्क्रूला मी हात लावला नाही. त्याच्यावर कारखान्याचा रंग होता; तो फिरवणं म्हणजे जॅकला क्षमतेबाहेर उचलायची मुभा देणं.

सगळं जोडून, रॅम पूर्ण आत ठेवून, हायड्रॉलिक तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरलं. रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंधरा-वीस वेळा दांडा मारला, बुडबुडे येईनासे झाले, पुन्हा थोडं तेल घातलं. गाडीचा पुढचा भाग उचलला, खाली बोटभर अंतर सोडून लोखंडी घोडे लावले आणि भिंतीवर बंपरच्या उंचीला खडूची रेघ मारली.

सकाळी बंपर रेघेच्या 3 मिलिमीटर खाली होता. मी मिस्त्रींना पट्टी दाखवली. त्यांनी पट्टीकडे पाहिलंच नाही, वाकून घोड्यांकडे पाहिलं.

“रात्रभर जॅकवर कोण ठेवतं, सर? त्यासाठी हे घेतलेत ना?”