बिऱ्हाड चाकांवर

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेलच. आमचं बिऱ्हाड गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस चाकांवर होतं!

त्याचं काय झालं, माझ्या भाच्यानं टीव्हीवर परदेशातली एक गाडी पाहिली. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, सगळं. तेव्हापासून त्यानं एकच धोशा लावला, "आत्या, आपण पण असंच जाऊ या की!" माझ्या भावाची प्रवासी गाडी आहे. तीन दिवस भाडं नव्हतं, म्हणून तोही तयार झाला. मागच्या सीटा काढून गाद्या अंथरल्या, खिडक्यांना सोलापुरी चादरींचे पडदे लावले. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, एक स्टोव्ह आणि पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन. माणसं सहा. स्टोव्ह गाडी थांबल्यावर, खाली उतरूनच पेटवायचा, हा वहिनीचा पहिला नियम.

असं हौसेनं हिंडण्याची कल्पना तशी फार जुनी नाही बरं का! 1885 साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये एक लाकडी घरच चाकांवर बांधून घेतलं. नाव ठेवलं 'वाँडरर', म्हणजे भटक्या. दोन घोडे ते ओढायचे. हे डॉक्टर तुमच्यासारख्या मुलांच्या मासिकात गोष्टी लिहायचे. पण त्यांच्याही आधीपासून जिप्सी लोक घोडागाड्यांत संसार थाटून राहत होते, आणि ते काही हौसेनं नव्हे. आपल्याकडचे लमाणांचे तांडेसुद्धा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचे. आता हौसेच्या गाड्यांसाठी महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये खास पर्यटन धोरणही आणलं आहे.

सोलापूरहून निघालो ते आधी नान्नजला. तिथे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, 1979 पासूनचं. माळढोक आता फारच दुर्मीळ झालाय; आम्हाला काही दिसला नाही. काळविटांचा कळप मात्र अगदी झकास दिसला. मुक्काम बार्शीला. पहिल्या रात्रीच सगळ्यांची भांडणं! बॅटरी कुठे ठेवली, माझी उशी कुणी घेतली, कुणालाच ठाऊक नाही. आणि पाणी? चाळीस लिटर संध्याकाळीच संपलं. घरी नळ सोडून दात घासणारा माझा भाचा दुसऱ्या सकाळी एका तांब्यात दात घासून, तोंड धुऊन, पायसुद्धा धुऊन मोकळा झाला. (घरी आल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, ते सोडा.)

बार्शी ते कुर्डुवाडी 1897 साली छोटी रेल्वे सुरू झाली होती. आता तिथे मोठा रूळमार्ग आहे. ही माहिती भाऊ सांगत होता तेवढ्यात धाकटीला उलटी झाली, म्हणून ती गोष्ट अर्धीच राहिली.

कुर्डुवाडीच्या पुढे एका पेट्रोल पंपावर, मालकांना विचारून आम्ही रात्रीचे थांबलो. थोड्या वेळानं एक ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, गच्च भरलेल्या. खालची माणसं उतरली, तीन दगडांची चूल पेटली. त्यातला एक पाचवीतला मुलगा आमची गाडी बघायला आला. भाच्यानं मोठ्या ऐटीत गाद्या, पडदे, स्टोव्ह सगळं दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "आमची बी अशीच हाय."

मग त्यानं आमच्या मुलांना ट्रॉलीवर चढवलं. खाली धान्याची पोती, त्यावर कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, वर वाकळा, कोपऱ्यात डालग्याखाली कोंबड्या. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. अंधारात हात घातला तरी बॅटरी सापडेल! कडेला दोरीनं एक दप्तर बांधलेलं होतं.

"तुमची ट्रिप किती दिवसांची?" भाच्यानं विचारलं.

"ट्रिप न्हाई. कारखान्याला चाललोय. पट्टा पडला की माघारी."

पट्टा पडणं म्हणजे उसाचा हंगाम संपणं. गुढीपाडव्याच्या आसपास. भाच्यानं बोटं मोजली आणि गप्पच झाला.

मुलांनो, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि ऊस तोडून ती फेडायची. मुलं बरोबर येतात, कारण गावात सांभाळायला कुणी नसतं.

माझ्यातली बाई जागी झाली. त्याच्या आईला विचारलं, "शाळेतून शिक्षण हमी पत्रक आणलंय का?" ती म्हणाली, "कसलं पत्रक, बाई?" मूल कितवीत आहे ते या पत्रकावर असतं, नव्या गावच्या शाळेत ते दाखवायचं. ते नसलं तरी अडत नाही. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वर्षात केव्हाही शाळेत घ्यावंच लागतं, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. पण शाळा कोपीपासून लांब असली, किंवा तान्ह्या बहिणीचा पाळणा हलवायचा असला, की कायदा बिचारा काय करणार!

मी वहीचं पान फाडून लिहिलं, 'हा मुलगा पाचवीत आहे. भागाकारापर्यंत गणित येतं. याला वर्गात बसवावं.' खाली सही केली. कोणत्या शाळेच्या नावानं लिहायचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मुकादम सांगेल ते गाव. त्यानं कागदाची घडी करून दप्तरात ठेवली.

पहाटे चारला त्यांचा ट्रॅक्टर सुटला. आम्ही पंढरपूर आणि मंगळवेढा करून तिसऱ्या रात्री घरी आलो.

सुट्टीनंतर शाळा भरली. आमच्या गावाशेजारी ऊसतोड लागली होती. कोप्यांवरची तीन मुलं वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. खरं सांगते, पूर्वी अशा मुलांची नावं मी हजेरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं लिहायची. जाणारच आहेत म्हणून. या वेळी पेननं, इतरांच्या खालोखाल लिहिली. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. मी त्याला हे सांगितलं.

"आत्या, त्यांच्यात तो आहे का?"

तो नव्हता.