नव्या वाहनातील दोष आणि ग्राहकाचा हक्क

आयुष्यभराची शिल्लक खर्चून घेतलेली मोटार पहिल्याच महिन्यात वारंवार बंद पडू लागली, तर ग्राहक बहुधा विक्रेत्याच्या कार्यशाळेत खेटे घालतो आणि तोंडी आश्वासन घेऊन परततो. हमीची मुदत अशीच सरते. हाती कागद मात्र एकही उरत नाही.

वास्तविक प्रत्येक खेपेस 'जॉब कार्ड' तयार होते. त्यावर आपली तक्रार नोंदवून घेऊन प्रत मागावी. तोच दोष दुरुस्तीनंतरही पुनःपुन्हा उद्भवला, हे दाखविण्यास या प्रतीच उपयोगी पडतात. पुढे विक्रेता व उत्पादक या दोघांनाही लेखी नोटीस देऊन तिची पोच जपावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदविता येते.

एवढ्याने भागले नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. आठ लाखांच्या मोटारीसाठी शुल्क अवघे २०० रुपये आहे. तपासणीवाचून दोष ठरत नसल्यास आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवितो. त्याचा खर्च आधी तक्रारदारासच भरावा लागतो, हे अनेकांना ऐनवेळी कळते. व्यापारी हेतूने घेतलेल्या वाहनास हे संरक्षण नाही; मात्र स्वतः चालवून पोट भरण्यासाठी टेम्पो घेणारा ग्राहकच ठरतो.

मोटार बदलून मिळेलच असे मात्र नव्हे. हमीपत्रात सदोष भाग बदलण्याचीच ग्वाही असेल, तर संपूर्ण मोटार बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका प्रकरणात म्हटले आहे.