टाकीत पाणी आहे, नळाला नाही

मी चेन्नईहून बोलतोय. या मालिकेत आपण घरातल्या साध्या गोष्टी समजून घेतो. आजचा विषय म्हणजे पाइपात अडकलेली हवा. प्लंबर येतो, नळ उघडून बघतो, वर टाकी भरलेली असल्याची खात्री करतो आणि म्हणतो, "लाइनमध्ये हवा धरलीय." आपण मान डोलावतो. हवा धरते म्हणजे नक्की काय होतं आणि ती काढायची कशी, हे मलाही बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं. ते कळलं २०१९च्या उन्हाळ्यात, आणि तेही आधी चूक केल्यावर.

तो उन्हाळा आठवत असेल. चेन्नईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. २०१८ साली तो फारच कमी पडला. पूंडी, चोलावरम, पुळल आणि चेंबरमबाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही तलाव जूनपर्यंत जवळजवळ कोरडे पडले. आपल्याकडे एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. तशीच गाडी जुलै २०१९मध्ये जोलारपेट्टैहून चेन्नईच्या विल्लिवाक्कमला आली. त्यावरून इथली परिस्थिती लक्षात येईल.

आमची इमारत तीन मजल्यांची, बारा घरांची. खाली जमिनीत सम्प, वर गच्चीवर सिमेंटची टाकी. टँकरला इथे तण्णी लॉरी म्हणतात. एक लॉरी आली की सम्पमध्ये ९,००० लिटर पडायचं आणि ते पुरवून पुरवून वापरायचं. म्हणून असोसिएशननं ठरवलं, सकाळ-संध्याकाळ मोटार लावून फक्त १,५०० लिटर वर चढवायचं. टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस मीटर. म्हणजे १,५०० लिटरला टाकीत जेमतेम एक फूट पाणी. तीन आठवडे असंच चाललं आणि बाराही घरांना पाणी मिळत होतं.

मग एका रात्री लॉरी आलीच नाही. टाकी तळापर्यंत रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी लॉरी आली, नेहमीप्रमाणे १,५०० लिटर वर चढवलं. पूर्वेकडच्या सहा घरांना पाणी आलं. पश्चिमेकडच्या सहा घरांत नळ उघडला तर थेंब नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. "पूर्वेकडच्यांनी वरचा कॉक फिरवला" इथून सुरुवात झाली आणि "टाकीत भिंत घाला, आमची लॉरी आम्ही वेगळी मागवतो" इथपर्यंत गोष्ट गेली. पंधरा वर्षं एकमेकांकडे सणाचा फराळ पाठवणारी माणसं जिन्यात बोलेनाशी झाली. पश्चिमेकडे दुसऱ्या मजल्यावर एक मामी राहायच्या. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले. त्यांच्याकडे भरलेल्या तीन कळशा, बस्स. मी पूर्वेकडचा. दोन बादल्या त्यांच्याकडे नेऊन ठेवल्या, पण त्यानं प्रश्न सुटणार नव्हता.

माझी चूक

माझी पुतणी जर्मनीत श्टुटगार्टला असते. तिकडे थंडीत घर गरम ठेवायला खोलीखोलीत रेडिएटर असतात. भिंतीला लावलेली लोखंडी पोकळ पट्टी आणि तिच्यातून फिरणारं गरम पाणी, असं त्याचं स्वरूप. तिनं मला एकदा सांगितलं होतं की रेडिएटर खालून गरम आणि वरून थंड लागला तर वर हवा साठलीय असं समजायचं. मग हीटिंग बंद करायचं, पाणी निवू द्यायचं. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात छोटा स्क्रू असतो, तो खास किल्लीनं पाव-अर्धा फेरा उलटा फिरवायचा. खाली फडकं धरायचं. आधी फुस्स आवाज येतो. हवा संपून पाणी झिरपू लागलं की लगेच स्क्रू आवळायचा.

मला वाटलं, हेच करायचं. हवा हलकी, ती सर्वांत उंच जागी जाऊन बसणार, तिथं तोंड उघडलं की निघून जाईल. गच्चीवर गेलो. पश्चिमेकडचा पाइप टाकीच्या तळाजवळून निघून गच्चीच्या कठड्यावरून पलीकडे उतरतो. कठड्याच्या माथ्यावर पाइपाला एक टी होता, त्याला एंड प्लग लावलेला. मी पाना घेतला आणि प्लग काढला. फुस्स नाही, पाणी नाही, काहीच नाही. पाच मिनिटं वाट पाहिली आणि प्लग परत लावून खाली आलो.

संध्याकाळी प्लंबर आला. साठीचा माणूस. मी केलेला पराक्रम त्याला सांगितला. तो हसला नाही. त्यानं टाकीचं झाकण उघडलं, आत काठी घालून ओली खूण दाखवली आणि म्हणाला, "लेव्हल पारुंग, सार." पारुंग म्हणजे बघा. पाण्याची पातळी बघा.

पातळी बघा म्हणजे काय

टाकी दीड फूट उंचीच्या ओट्यावर बसलेली. कठडा तीन फूट उंच. म्हणजे कठड्यावरून जाणारा पाइप टाकीच्या तळापेक्षा दीड फूट वर. आणि टाकीत पाणी होतं एक फूट. म्हणजे पाण्याला पलीकडे जायला स्वतःच्या पातळीच्या अर्धा फूट वर चढायला हवं होतं. पाणी आपण होऊन असं चढत नाही.

मग आधी तीन आठवडे ते कसं चढत होतं? डब्यातलं रॉकेल रबरी नळीनं काढताना तुम्ही पाहिलं असेल. नळी आधी पूर्ण भरून घेतली की रॉकेल डब्याच्या काठावरून चढून खालच्या बाटलीत उतरतं. पलीकडची लांब बाजू आपल्या वजनानं खाली ओढते आणि डब्यावरची हवा मागून ढकलते. यालाच सायफन म्हणतात. पण अट एकच, नळी सलग भरलेली हवी. मध्ये हवा शिरली की ओढ तुटते.

आमची टाकी पूर्वी चार फूट भरायची. तेव्हा पाणी कठड्याच्या वरच्या पातळीवर असायचं, त्यामुळे पाइप कायम भरलेला. उन्हाळ्यात पातळी एक फुटावर आली तरी पाइप भरलेलाच होता, म्हणून सायफन चालू राहिला. त्या रात्री टाकी कोरडी झाली, तळाच्या तोंडातून हवा आत गेली आणि सायफन तुटला. पूर्वेकडचा पाइप कठड्याच्या बुंध्याशी असलेल्या भोकातून जातो. त्याला वाटेत चढ नाही. त्यामुळे पाणी येताच त्यातली हवा निघून गेली. कुणीही कॉक फिरवला नव्हता.

आता माझी चूक कुठे होती ते बघा. मी हवेची जागा बरोबर ओळखली होती. पण प्लग उघडल्यावर हवेला बाहेर ढकलणारं पाणी त्या जागेच्या वर कुठेच नव्हतं. उलट सायफन चालू असता आणि मी तो प्लग उघडला असता, तर बाहेरची हवाच आत शिरली असती. कारण पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो.

म्हणून हवा काढण्याचा पहिला नियम असा. तोंड उघडण्याआधी ती जागा पाण्याच्या पातळीच्या खाली आहे की वर, हे बघा. खाली असेल तर हवा बाहेर जाईल. वर असेल तर हवा आत येईल.

रेडिएटरलाही हाच नियम लागू आहे. फक्त तिथं टाकीऐवजी बंद वर्तुळात दाब भरून ठेवलेला असतो. थंड असताना साधारण १ ते १.५ बार. १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब जवळपास १ बार होतो. म्हणजे वरच्या मजल्यावरचा रेडिएटर बॉयलरपासून ५ मीटर उंचावर असेल तर १.५ बारपैकी सुमारे १ बार तिथं शिल्लक राहतो, आणि तोच हवेला बाहेर ढकलतो. बॉयलरचा काटा शून्याला टेकला असेल तर आधी पाणी भरून दाब वाढवावा लागतो, मगच किल्ली फिरवायची. पंप चालू असताना काही ठिकाणी हवा आत ओढली जाऊ शकते, म्हणून तो बंद ठेवायचा. हवा काढली की दाब थोडा उतरतो, म्हणून शेवटी काटा पुन्हा बघायचा. परदेशातल्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

दीड बादलीत काम

आमच्याकडे दोन उपाय होते. एक म्हणजे टाकी दीड फुटाच्या वर भरणं. त्यासाठी एका वेळी आणखी ७५० लिटरहून जास्त पाणी चढवावं लागलं असतं, आणि तेवढ्यात पूर्वेकडचे नळ ते ओढून घेत होते. दुसरा उपाय प्लंबरनं केला.

त्यानं पश्चिमेकडच्या सहाही घरांना सगळे नळ घट्ट बंद ठेवायला सांगितलं. टाकीजवळचा त्या लाइनीचा कॉक बंद केला, नाहीतर वरून ओतलेलं पाणी टाकीतच गेलं असतं. मग कठड्यावरचा प्लग काढून नरसाळ्यानं हळूहळू पाणी ओतलं. मध्ये थांबायचा, बुडबुडे वर येऊ द्यायचा, पुन्हा ओतायचा. पाइपाचा आतला व्यास ३२ मिलिमीटर धरला तर एका मीटरला सुमारे ०.८ लिटर पाणी लागतं. उभा पाइप आणि गच्चीवरचा भाग मिळून दीड बादली पुरली. पाणी तोंडाशी आलं तेव्हा त्यानं प्लगला टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट आवळला, टाकीजवळचा कॉक उघडला आणि खाली आवाज दिला. तळमजल्यावरचा नळ आधी उघडायला लावला, कारण तिथं ओढ सर्वांत जास्त. नळ दोनदा खोकला, थुंकला आणि वाहू लागला. मग एकेक करून वरचे.

मामींच्या स्वयंपाकघरात पाणी आलं तेव्हा अंधार पडला होता. त्यांनी आधी कळशा भरल्या आणि मग प्लंबरला कॉफी दिली.

कायमचा उपाय

पुष्कळ ठिकाणी टाकीच्या कॉकपुढे एक उभा बारीक पाइप लावलेला दिसतो. तो टाकीच्या काठापेक्षा उंच नेतात आणि वरचं तोंड उघडं ठेवून खाली वळवतात. हा एअर पाइप. लाइनीत शिरलेली हवा त्यातून आपोआप निघून जाते. नदीवरून शेतात आणलेल्या लांब पाइपलाइनीवर उंचवट्याच्या जागी एअर व्हॉल्व्ह बसवतात, त्याचंही एक काम हेच. पण हे सगळं पाइप पाण्याच्या पातळीच्या खाली असेल तिथं. आमच्या कठड्यावर असा पाइप लावला असता तर सायफन कधी चालूच झाला नसता.

शिवाय तसा सायफन भरवशाचाही नाही. पाण्यात हवा विरघळलेली असतेच. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम नुसता ऑक्सिजन असतो. दाब कमी झाला किंवा पाणी तापलं की ही हवा सुटते आणि उंच जागी थोडी थोडी साठत जाते. गरम पाण्याच्या लाइनीत हवा जास्त धरते, त्याचं हेही एक कारण. म्हणून आमच्याकडे खरा उपाय एकच होता. काही वर्षांपूर्वी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी गळतं म्हणून पश्चिमेकडचं भोक बुजवून पाइप कठड्यावरून नेला होता. तो पुन्हा खालून न्यायचा, भोकात जाड नळी बसवून भोवती नीट सील करायचं. सप्टेंबरमध्ये ते काम झालं. खर्च बाराही घरांनी सारखा वाटून घेतला.

तुमच्या घरी असं झालं तर

सर्वांत आधी गीझरचं बटण बंद करा. गरम पाण्याचा नळ सलग वाहतोय हे दिसेपर्यंत ते चालू करू नका. पाणी नसताना कॉइल तापली तर जळते.

मग टाकीचं झाकण उघडून पाण्याची खरी पातळी बघा. टाकीपासून नळापर्यंत पाइपाची वाट डोळ्यांनी चाला आणि तो कुठे वर चढून खाली उतरतो ते शोधा. तो उंचवटा पातळीच्या खाली असेल तर तिथला प्लग किंवा युनियन थोडा सैल करा, हवा जाऊ द्या, पाणी आलं की आवळा. पातळीच्या वर असेल तर तोंड उघडून उपयोग नाही. टाकी भरा किंवा पाइप भरा.

पाइपाला तोंड लावून हवा ओढू नका. आणि बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचा होज पिण्याच्या पाण्याच्या नळाला जोडून उलटं पाणी ढकलू नका. दोन्ही पाणी एकत्र झालं तर घरात आजारपण येईल.

आणि एक. पाणी नाही म्हणून शेजाऱ्याचं दार ठोठावण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन या. पुढच्या भागात आपण गीझरबद्दल बोलू, तो पाणी का टिपकवतो आणि त्यात काळजी करण्यासारखं काय असतं. तोवर नमस्कार.