मातीचा गंध आणि औषधांचे भांडार

मृगाच्या पहिल्या सरी आल्या की मावळातील भातखाचरांतून आणि लोणावळ्याच्या डोंगरउतारांवरून मातीचा सुवास दरवळू लागतो. या सुवासाचा मोठा वाटा ‘जिऑस्मिन’ या द्रव्याचा असतो. ते मुख्यत्वे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे तंतुमय जीवाणू मातीत तयार करतात. विशेष म्हणजे ज्या मार्गाने हा गंध तयार होतो, त्याच मार्गाने काही प्रतिजैविकेही निर्माण होतात.

५ कार्बनांची वीट

साखरेचे विघटन होत असता पेशीत लहान रेणू निर्माण होतात. त्यांतील दोहोंपासून जीवाणू ५ कार्बन अणूंचा एक तुकडा घडवितो. ही जणू बांधकामाची वीट होय. ३ विटा जोडल्या की १५ आणि ४ जोडल्या की २० कार्बनांची साखळी होते. विकर नावाची प्रथिने या साखळीला वळवून निरनिराळे आकार देतात. अशा संयुगांना टर्पिनॉइड म्हणतात.

१५ कार्बनांच्या साखळीपासून एक विकर जिऑस्मिन बनविते, तर दुसरे विकर पेंटालेनोलॅक्टोन या प्रतिजैविकाचा पाया घालते. २० कार्बनांच्या साखळीपासून प्लॅटेन्सिमायसिनचा एक भाग तयार होतो. दक्षिण आफ्रिकेच्या मातीतील जीवाणूपासून मिळालेले हे प्रतिजैविक २००६ साली जगापुढे आले. ते रोगजंतूंची मेदाम्ले बनविण्याची क्रिया रोखते. मात्र ते अद्याप औषध म्हणून वापरात आलेले नाही.

पिंपरीचे कार्य

मावळातून वाहत येणाऱ्या पवनेच्या काठी, पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तेथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. ते देणाऱ्या जीवाणूचे ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ हे नाव पिंपरीवरूनच पडले. हॅमायसिन टर्पिनॉइड नव्हे. त्याचा सांगाडा २ व ३ कार्बनांच्या तुकड्यांतून उभा राहतो. एकाच कुळातील जीवाणूंकडे असे अनेक मार्ग असतात.

आपले कर्तव्य

प्रतिजैविकांचा गैरवापर झाला की रोगजंतू त्यांना दाद देईनासे होतात, आणि नवे औषध सिद्ध होण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून ही औषधे घेऊ नयेत, सांगितलेली मात्रा अर्धवट सोडू नये आणि उरलेल्या गोळ्या विहिरीत वा ओढ्यात टाकू नयेत. शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हे आवर्जून सांगावे. मातीने दिलेले हे धन जपून वापरले, तरच ते पुढील पिढीच्या उपयोगी पडेल.